मालकीण: पळेल

सायंदैनिकाच्या कचेरीत तिला सगळे चमचेबाई म्हणत. एरवी 'चमचा' हा शब्द तिथे संपादकांच्या केबिनमध्ये विनाकारण दिसणाऱ्या मंडळींसाठी राखीव होता, आणि अशी मंडळी भरपूर होती. तिच्या बाबतीत मात्र तो शब्दशः खरा होता. तिच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा असे. शहरातल्या स्वस्त खाण्याच्या जागांवर ती दर गुरुवारी सदर लिहायची, आणि त्या जागांमधले चमचे एकदा पाहिले की तिच्या या खबरदारीला कुणी हसत नसे.

सदर तिच्याकडे आलं ते काही तिच्या गुणांवर खूश होऊन नव्हे. आधीचे सदरलेखक पोट बिघडून रजेवर गेले आणि परतल्यावर त्यांनी राशिभविष्य मागून घेतलं, कारण तिथे काही चाखावं लागत नाही. संपादकांनी खोलीभर नजर फिरवली. ती तेव्हा न्यायालयाच्या बातम्या करत होती आणि इतकी वर्षं न्यायालयाच्या उपाहारगृहात जेवूनही ठणठणीत होती. आणखी कसली परीक्षा घ्यायची?

न्यायालयाची शिस्त तिने सदरात आणली. स्वतः खाल्लं नाही ते लिहायचं नाही. एका ठिकाणी दोनदा जायचं. पैसे देऊन खायचं आणि ओळख सांगायची नाही. विशेषणांवर तिचा विश्वास नव्हता. 'अप्रतिम' हा शब्द तिने आयुष्यात एकदाच वापरला होता, तोही एका न्यायाधीशांच्या भर कामकाजातल्या झोपेबद्दल, आणि तो कापला गेला होता.

गुण द्यायची पद्धत मात्र तिची नव्हती, आत्याची होती. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडता जोडता कानावर पडलेलं ती काहीही विसरली नव्हती. चमचेबाई तिला सोबत न्यायची, कारण दोन माणसांनी चार पदार्थ मागवले तर संशय येत नाही. एकटीने मागवले तर लोक कीव करतात. अगदी पहिल्या खेपेला एका वेटरने भीतभीत विचारलं होतं, "कॉफी जरा कडक झालीय, चालेल का?" त्यावर आत्या गरजली होती, "चालेल काय, पळेल!"

त्या संध्याकाळी सदराला मोजपट्टी मिळाली. सगळ्यात वर 'पळेल': म्हणजे वाचकाने हातातलं काम टाकून जावं. मग 'चालेल': वाटेत लागलं तर जावं. मग 'रांगेल': भूक अगदीच अनावर असेल तर. आणि तळाला 'बसेल': पोटात जाऊन बसेल आणि उठायचं नाव घेणार नाही. गुण चार गोष्टींना मिळत: चव, भाव, जागा आणि मालक. मालकाला गुण कशाला, असं संपादकांनी विचारलं होतं. ती म्हणाली होती, स्वस्त जागेत अर्धं जेवण मालकाच्या तोंडावर असतं. हा खुलासा दर आठवड्याला सदराखाली बारीक अक्षरांत छापला जाई, नव्या वाचकांसाठी. जुन्यांना तो पाठ होता.

जागा शोधायचीही तिची एक रीत होती. पुढच्या दाराने काही कळत नाही, असं तिचं मत. पुढे कुंड्या असतात, रंगीत दिवे असतात आणि खडूने लिहिलेले विनोद असतात. ती मागच्या गल्लीत शिरून टेबल पुसायचं फडकं कुठे वाळत घातलंय ते शोधायची. फडकं पिळून, झटकून, नीट टोकं जुळवून टाकलेलं असेल तर ती आत जायची. आत्याची रीत वेगळी. ती आत शिरल्या शिरल्या आधी संडास गाठायची, आणि बाहेर आल्यावर तिचा चेहरा बघून चमचेबाई पाणी मागवायचं की निघायचं ते ठरवायची.

या जागेच्या बाबतीत दोन्ही रीती निकामी ठरल्या. जुन्या छापखान्यामागच्या गल्लीतून दोघी चालल्या होत्या. आत्याच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि तिने चष्मा दोऱ्याने कानाला बांधला होता. समोर पाटी दिसली: 'डोळे तपासून मिळतील'. आत्या सरळ आत घुसली, दाराजवळच्या मोठ्या खुर्चीत बसली आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचू लागली.

"भा... भाजलेली कोंबडी. ऑम्लेट. पाव आणि... लोणी. मसुराचं सूप. पुढची ओळ पुसट आहे हो."

"पुसट नाही, बारीक आहे," आतून आवाज आला. "तुम्हाला चौथ्या ओळीपर्यंत दिसतं. चौथ्या ओळीत सूप आहे. आणू?"

"अहो, मला डोळे तपासायचेत!"

"तपासले की. सूप आणू का?"

गाळा पूर्वी एका चष्मेवाल्याचा होता. तो गेला, पण त्याची पाटी राहिली, त्याचा तक्ता राहिला आणि पायाशी दांडा असलेली, खालीवर होणारी त्याची खुर्चीही राहिली, कारण ती जमिनीत बोल्टांनी आवळलेली होती. नव्या मालकिणीने तक्त्यावर पदार्थ रंगवून घेतले: वर महागाचा पदार्थ टपोऱ्या अक्षरांत, आणि जसजसा भाव उतरेल तसतशी अक्षरं बारीक. सगळ्यात स्वस्त कॉफी इतकी खाली होती की ती वाचायला वाकावं लागे.

"म्हणजे गरिबाला नजर हवी," आत्या म्हणाली.

"गरिबाला असतेच," मालकीण सूप ठेवत म्हणाली. "भाव न बघता मागवणाऱ्यांची जाते."

मालकीण चाळिशीतली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली, केस रबरबँडमध्ये कसेबसे कोंबलेले. हसली नाही. पण सूप! कांदा करपायच्या एक पाऊल आधी उतरवलेला, मसूर अर्धे घोटलेले आणि अर्धे अख्खे, वरून लिंबू, आणि मीठ अगदी नेमकं. चमचेबाईने रुमाल सोडून आपला चमचा काढला आणि मग तो परत ठेवून दिला. इथले चमचे स्वच्छ होते. आत्या संडासातून परतली ती म्हणाली, "मी इथे राहायला येते."

गिऱ्हाईक मात्र नव्हतं. एका कोपऱ्यात एक माणूस डोळे तपासून घ्यायला म्हणून आलेला, तो नाइलाजाने ऑम्लेट खात होता.

दुसऱ्या खेपेला चमचेबाईने जागा नीट न्याहाळली, न्यायालयात पंचनामा ऐकावा तशी. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या. खिळे होते, पण त्यांना काही टांगलेलं नव्हतं. पडदेही उतरवलेले. गल्ल्यामागे सुतळीने बांधलेली दोन खोकी. ती मनापासून खूश झाली. शहरातल्या बाकीच्या कॅफेंनी भिंतींना सायकली टांगल्या होत्या, फुटके टाइपरायटर मांडले होते, कुणाच्या तरी दिवंगत आजोबांचे फोटो लावले होते. आणि इथे ही बाई नुसती भिंत दाखवत होती! तिने लिहिलं: 'सजावटीचा मोह टाळण्याचं धाडस या शहरात क्वचितच दिसतं.' खाली नेहमीचे गुण:

चव: पळेल. भाव: पळेल. जागा: चालेल. मालकीण: पळेल.

गुरुवारी अंक निघाला. त्याच दुपारी गाद्यांची एक जाहिरात उशिरा आली होती. जागा हवी म्हणून पान लावणाऱ्याने सदराखालचा खुलासा उडवला आणि तिथे एक जांभई देणारा माणूस बसवला. "सगळ्यांना पाठ आहे ते," तो म्हणाला. त्याचं फारसं चुकलंही नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं. एका माणसाला नव्हतं.

शनिवारी सकाळी कचेरीत फोन आला.

"ते खाण्याचं लिहिणाऱ्या बाई हव्यात."

"बोलतेय."

"मी डोळेवाली." मागे भांड्यांचा खणखणाट होता. "तुमच्यामुळे मला गाळा सोडायला सांगितलाय. आज दुपारी काका खाली येऊन ताबा घेणारेत. तुम्ही या, आणि काय लिहिलंय ते त्यांना समजावून सांगा."

"कोण काका?"

"गाळेवाले. वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या सुनेने कात्रण वाचून दाखवलं, 'बाबा, आपल्या गाळ्याचं पेपरात आलंय' म्हणून. शेवटच्या शब्दाला त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, म्हणे."

चमचेबाईने समोर पडलेला अंक ओढला. मालकीण: पळेल. खाली जांभई देणारा माणूस. तिच्या पोटात काहीतरी बसलं आणि उठायचं नाव घेईना.

ती संपादकांकडे गेली. कुठलाही मजकूर दिसला की शेपूट छाटायची सवय असल्यामुळे त्यांना कचेरीत कात्री म्हणत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दुरुस्ती छापा," ती म्हणाली.

"काय छापू? बोल, टाइप करतो. 'सदर मालकीण पळणार नाही'?"

"तसं नाही..."

"'मालकीण पळेल याचा अर्थ मालकीण पळेल असा नाही'? उद्या अख्खं शहर विचारेल, का, पळणार होती की काय? आज एका म्हाताऱ्याला संशय आहे. दुरुस्ती छापली की दूधवाल्यापासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांना येईल. तू न्यायालय केलंयस ना गं इतकी वर्षं? 'आरोपी निर्दोष' अशी बातमी वाचून कुणाला कधी काय वाटलंय?"

ते खरं होतं. आणि खरं असल्यामुळे फार त्रासदायक होतं.

ती आत्याला घेऊन निघाली. वाटेत आत्या म्हणाली, "शब्द माझा, छापलास तू, आणि घर जाणार तिसरीचंच. आपल्या खानदानाला शोभेलसंच झालं हे."

"आत्या, गप्प बस."

"मी गप्प बसले असते तर तुला मोजपट्टी मिळाली असती का?"

गल्लीच्या तोंडाशी दोघी थबकल्या. 'डोळे तपासून मिळतील'च्या दाराबाहेर रांग होती. रिक्षावाले होते, गणवेशातल्या परिचारिका होत्या, आणि कॉलेजची पोरं शेवटची ओळ वाचता येते की नाही यावर पैज लावत होती. चष्मेवाल्याच्या खुर्चीसाठी तर वेगळी रांग. चमचेबाई बाजूने वाट काढत थेट स्वयंपाकघरात शिरली. मालकीण दोन शेगड्यांवर तीन पातेली सांभाळत होती.

"मी खरंच दिलगीर आहे," चमचेबाई म्हणाली. "आमच्या सदरात 'पळेल' म्हणजे सगळ्यात चांगलं. तुम्ही पळाल असं मला म्हणायचंच नव्हतं."

मालकिणीचा हात पातेल्यावर थांबला. "म्हणायचं नव्हतं?"

"मुळीच नाही!"

"म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"काय सांगायचं होतं?"

मालकिणीने शेगडी बारीक केली. "मी तेव्हापासून डोकं खाजवतेय, हिला कळलं कसं. मी तर कुणाला बोलले नव्हते. उद्या पहाटेची गाडी होती माझी. बहीण दुसऱ्या गावात पार्लर चालवते, तिच्याकडे जाणार होते." तिने गल्ल्यामागच्या खोक्यांकडे मान वळवली. "ती काय, सजावट वाटली तुम्हाला?"

चमचेबाईच्या डोळ्यांसमोरून रिकाम्या फळ्या, मोकळे खिळे, उतरवलेले पडदे ओळीने गेले. सजावटीचा मोह टाळण्याचं धाडस. तिला एखाद्या पातेल्यात डोकं घालावंसं वाटलं.

"अहो, पण पळायचं कशाला? सरळ सोडायचा होता गाळा."

"तुम्ही काकांना भेटला नाहीत अजून. आमचं सगळं तोंडी आहे. पुढच्या वर्षी राहीन असा मी शब्द दिलाय, आणि त्या शब्दावर त्यांनी गाळा मागायला आलेल्या एका जोडेवाल्याला परत पाठवलंय. आता 'नाही' म्हणायचं म्हणजे त्यांच्या समोर बसून, तोंडाकडे बघत म्हणायचं. त्यापेक्षा पळणं सोपं." तिने पातेलं ढवळलं. "महिनोन् महिने माणूस फिरकत नव्हतं हो. आणि गुरुवारी संध्याकाळी बघते तर दारात चाळीस माणसं. तेव्हापासून पाठ टेकलेली नाही. आता पळायला वेळच नाही. आणि पळायचंही नाही. पण आता तो म्हातारा मला राहू देत नाही."

"ह्याला म्हणतात वेळ," आत्या पावाचा तुकडा सुपात बुडवत म्हणाली. तिने सूप कधी घेतलं ते कुणालाच दिसलं नव्हतं. "पळायचं होतं तेव्हा कुणी अडवलं नाही, आणि राहायचं म्हणते तर हाकलतायत. माझी सोयरीकसुद्धा अशीच ठरली होती."

"आत्या!"

बाहेरची कुजबुज एकदम थांबली. काका आले होते.

गाळेवाले काका पूर्वी मोजणी खात्यात होते. निवृत्त झाले तरी खिशात मोजपट्टी कायम. ते जमीन मोजून द्यायचे आणि बोलणंही मोजूनच करायचे. रांगेतून ते कुणालाही धक्का न लावता आत आले, आधी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि त्यांनी नळ हलवून पाहिला. मग दिव्याचं बटण. मग खिडकीची कडी. गिऱ्हाइकं चमचे हवेत धरून बघत राहिली.

"हे काय करतायत?" आत्याने विचारलं.

"चष्मेवाला पळाला तेव्हा नळ काढून घेऊन गेला होता," मालकीण पुटपुटली. "नळ, पंखा आणि संडासाचं दार. गाळाभर पाणी साचलं होतं. तेव्हापासून त्यांच्यासमोर तो शब्दच काढायची सोय नाही."

"आणि आपण नेमका तोच छापला," आत्या भाचीला म्हणाली. "वा."

नळ जागेवर आहे अशी खात्री झाल्यावर काका वळले. "बाई, किल्ली."

चमचेबाई पुढे झाली. "काका, सदर मी लिहिते. त्यातल्या 'पळेल'चा अर्थ वेगळा आहे. म्हणजे असं बघा, सगळ्यात खाली 'बसेल', मग 'रांगेल', मग 'चालेल'..."

काका ऐकत होते. भिंतीने ऐकावं तसं.

"म्हणजे चालणाऱ्यापेक्षा पळणारा बरा?" ते म्हणाले.

"हो. म्हणजे नाही. म्हणजे चवीच्या बाबतीत."

"चवीच्या पुढे नाही लिहिलंत. मालकिणीच्या पुढे लिहिलंत."

"चवीच्या पुढेही लिहिलंय!"

"चव पळाली तर माझी हरकत नाही. ती माझा नळ नेत नाही."

रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. काकांनी तिकडे पाहिलं आणि हसणं जागच्या जागी विझलं. मग ते म्हणाले, "बाई, तुमचं ते बसणं-रांगणं राहू द्या. तुम्ही चौकशी केल्याशिवाय लिहीत नाही असं सून म्हणाली. एकच सांगा. ही बाई पळणार आहे की नाही?"

आता 'नाही' म्हटलं की काम झालं असतं. एकच शब्द, आणि आजपुरता तो बहुधा खराही. चमचेबाईने तोंड उघडलं. इतकी वर्षं तिने साक्षीदारांना नेमक्या याच जागी अडखळताना पाहिलं होतं आणि वहीत लिहिलं होतं, 'साक्षीदार क्षणभर गप्प राहिला.' आता तीही गप्प राहिली, क्षणभरापेक्षा जरा जास्तच.

काकांनी हात पुढे केला. "किल्ली."

"पळणार होते," स्वयंपाकघराच्या दारातून मालकीण म्हणाली.

आत्याच्या हातातला पाव सुपात पडला.

"उद्या पहाटे," मालकीण म्हणाली. तिच्या हातात पळी तशीच होती आणि पळीतून सूप फरशीवर गळत होतं. "दोन्ही खोकी बांधून ठेवलीत. नळ नेणार नव्हते. तो मला काढताही येत नाही. तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून न सांगता जाणार होते. ह्या बाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मी भिंती मुद्दाम मोकळ्या ठेवल्यात. आता मला जायचं नाही. पण तुम्ही किल्ली मागितली तर मी देईन."

काकांनी टेकायला मागे हात केला, हाताला चष्मेवाल्याची, तेवढ्यात रिकामी झालेली खुर्ची लागली आणि ते तीत बसले. ते बसले म्हणून आत्या घाईघाईने आधाराला धावली, आणि तिचा पाय दांड्यावर पडला. खुर्चीने एक दीर्घ उसासा टाकला आणि काका हळूहळू, सरळ वर गेले. सगळ्या टेबलांच्या वर, सगळ्या डोक्यांच्या वर, रांगेच्या शेवटापर्यंत दिसेल इतके वर.

"आत्या, पाय काढ!"

"काढला! काढल्यावर खाली येत नाही वाटतं ते!"

"दुसऱ्यांदा दाबावं लागतं," मालकीण म्हणाली, पण तोवर आत्या लांब पळाली होती.

काका वर बसून राहिले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आयुष्यभर उंचवट्यावर उभं राहून लोकांच्या जमिनी पाहिलेला माणूस. त्यांना उंचीची भीती नव्हती. त्यांनी खोली पाहिली, दार पाहिलं, बाहेरची रांग पाहिली. खाली बघत म्हणाले, "गेल्या आठवड्यात पडद्यांचं काय म्हणाला होतात मला?"

मालकिणीने मान खाली घातली. "नवे शिवायचेत म्हणून उतरवले, असं."

"चष्मेवाला पळायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे चहा प्यायला. भिंतीला कोणता रंग द्यावा, यावर तासभर बोलला. फिकट निळा ठरवला आम्ही." काकांनी मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. "पडद्यांचं ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पेपरातलं नंतर आलं."

सूप उतू गेल्याचा वास आला तशी मालकीण आत धावली आणि शेगडी बंद करून पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

"पळणारा पडद्यांचं बोलतो," काका म्हणाले. "रंगाचं बोलतो. पळणार होते असं कुणी सांगत नाही." त्यांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला आणि खिशातल्या मोजपट्टीवर ठेवला. मग समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. इतक्या वरून तो थेट डोळ्यांसमोर येत होता. "चौथ्या ओळीत काय आहे ते?"

"मसुराचं सूप."

"मीठ असतं का त्यात?"

"असतं की."

"द्या. सुनेला सांगू नका."

वाडगं वर पोहोचवायला एका परिचारिकेला टाचा उंचावाव्या लागल्या. काकांनी पहिला घोट घेतला. अख्खी खोली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. चमचेबाई सगळ्यात जास्त. दुसरा घोट. तिसरा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून वर्षभर बिनमिठाचं जेवत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय काय उमटू शकतं ते त्या दिवशी दिसलं. वाडगं रिकामं करून त्यांनी पुढे केलं.

"चालेल," ते म्हणाले.

"फक्त चालेल?" आत्याला राहवेना. "अहो, एवढं चाटूनपुसून खाल्लंत!"

"गाळ्याचं म्हणतोय. राहिलात तरी चालेल." मग जरा वेळाने, "सूपही चालेल. मला या वयात पळवू नका."

मालकीण तेव्हा पहिल्यांदा हसली. हसताना तिने पळी बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला. काकांचं लक्ष लगेच नळाकडे गेलं.

"एक अट आहे," ते म्हणाले. "रोज दुपारी मी इथे, दारापाशी बसणार. कोण काय बाहेर नेतंय ते मला दिसलं पाहिजे."

"खुर्ची तुमचीच," मालकीण म्हणाली. "पण सूप फुकट नाही."

"फुकट नकोय. चौथ्या ओळीच्या भावाने द्या."

त्या दुपारी दोन्ही खोकी सुटली. एकात कपबशा होत्या, दुसऱ्यात पडदे. पडदे आत्याने लावले आणि वाकडे लावले.

पुढे त्या जागेची ख्याती झाली ती सुपाने नव्हे. दारातच, माणसाच्या डोक्याच्या वर, एक म्हातारा वाडगं घेऊन बसलेला असतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे रोखून बघतो, हे पाहायला लोक लांबून येऊ लागले. कॉलेजची पोरं जाताना हात वर करून तळवे दाखवत: "काका, नळ नाही नेला!" काका मान डोलावून त्यांना जाऊ देत.

चमचेबाईने रिवाज मोडून त्याच जागेवर दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी ती स्वतः पान लावणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहिली आणि खुलासा पूर्ण छापून घेतला. जांभई देणारा माणूस शेजारच्या पानावर गेला. चव, भाव, जागा यांचे गुण तेच होते. 'मालकीण'समोर तिने 'राहील' असं लिहिलं. हा शब्द मोजपट्टीत नव्हता, पण कात्रीनेही तो कापला नाही. आणि खाली एक नवी ओळ होती: 'गाळेवाले: बसेल.'

शुक्रवारी काकांनी कात्रण खिशातून काढून तिच्यापुढे धरलं. "खुलासा वाचला. 'बसेल' म्हणजे सगळ्यात खालचं."

"हो," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतंच.

काकांनी खाली, तिच्या डोक्याकडे पाहिलं. "वरून छान दिसतं," म्हणाले, आणि दुसरं वाडगं मागवलं.

ते रोज सगळ्यांच्या शेवटी उठतात. मालकीण दांडा दाबून त्यांना खाली उतरवते आणि दिवे मालवायला जाते. तेवढ्यात ते बेसिनपाशी जातात, नळाला नुसता हात लावून बघतात, आणि मग वर जातात.